शहर सावरले, ते कुणाच्या उधारीवर?

अतिप्रचंड शहराची आर्थिक ताकद मोजायची कशी, आणि ती मोजता तरी येते का, यावर दीर आणि भावजय यांच्यात झालेला हा वाद. भाऊजी सरकारी सांख्यिकी खात्यात हयात घालवून निवृत्त झालेले. आकड्यावाचून केलेले विधान त्यांना खपत नाही. वहिनी कुर्ल्यात बायकांची छोटी पतसंस्था चालवतात; त्यांचा भरवसा कर्जाच्या वहीवर. दोघेही कल्पनेतले, आणि वहिनींची वहीही. मुंबईच्या तारखा आणि आकडे मात्र खरे आहेत.

वहिनी : खरं सांगू का भाऊजी, ‘मुंबई स्पिरिट’ म्हटलं की माझं डोकं उठतं. २००६ च्या जुलैत लोकलमध्ये सात स्फोट झाले. रात्रीतून रूळ मोकळे केले, सकाळी गाड्या सुरू झाल्या आणि माणसं त्याच डब्यांत चढली. लोकांनी शहराची पाठ थोपटली. अहो, त्यांतल्या निम्म्या माणसांना खाडा परवडत नव्हता. दिवस बुडाला की मजुरी बुडाली. ज्याला घरी बसायची सोयच नाही, त्याचं कामावर जाणं तुम्ही शहराच्या ताकदीत धरणार?

भाऊजी : मी कुठे धरतो? स्फोटांच्या दुसऱ्या दिवशी शेअर बाजाराचा निर्देशांकही वर गेला होता. त्यावरून मुंबई ठणठणीत आहे असं कुणी म्हटलं तर मी त्याला दारात उभं करणार नाही. म्हणूनच नीट मोजलं पाहिजे म्हणतो. रॉन मार्टिन नावाच्या ब्रिटिश अभ्यासकानं २०१२ मध्ये याची चांगली फोड केली आहे. धक्का बसला तेव्हा पडझड किती झाली, हा पहिला प्रश्न. सावरायला किती काळ लागला, हा दुसरा. सावरताना धंद्यांची घडी बदलली का, हा तिसरा. आणि नंतरची वाढ पूर्वीच्या चालीनं झाली की कायमची मंदावली, हा चौथा. वर्तमानपत्रं फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छापतात, तेही घाईघाईनं.

वहिनी : आणि या चार प्रश्नांत कुणाची पडझड, हे कुठे आलं?

भाऊजी : शहराची.

वहिनी : शहर म्हणजे कोण? १२ मार्च १९९३ ला बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. पहिला स्फोट शेअर बाजाराच्या इमारतीत झाला. तो शुक्रवार होता, आणि सोमवारी बाजार उघडला. बाजाराच्या घड्याळात शहर तीन दिवसांत सावरलं. माझ्या घड्याळात तीन वर्षं लागतात.

भाऊजी : तुमचं घड्याळ कुठलं?

वहिनी : कर्जाची वही. २००५ च्या २६ जुलैच्या पुराचं घ्या. मिठी नदीच्या बाजूला राहणारी आमची एक सभासद. पोटमाळ्याच्या खोलीत खाली तीन शिलाई मशिनं, वर संसार. शर्टांच्या कॉलरचं जॉबवर्क करायची. पाणी खांद्याला लागलं. तिन्ही मशिनांच्या मोटारी जळाल्या, कंत्राटदाराचा माल चिखलात गेला. पंचनाम्याला माणूस आला, त्यानं घरगुती सामानाचं नुकसान लिहून नेलं. मशिनं धंद्याची, पण धंद्याचा ना परवाना ना पाटी, म्हणजे धंद्याचं नुकसान शून्य. बुडालेला माल कंत्राटदारानं तिच्याच मजुरीतून कापला. तिनं पाटल्या गहाण टाकल्या, मोटारी बदलल्या आणि दहाव्या दिवशी कॉलर शिवायला बसली. तुमचा सर्वेक्षणवाला त्या दिवशी आला असता तर काय लिहिता?

भाऊजी : धंदा पूर्ववत, कालावधी दहा दिवस.

वहिनी : पाटल्या सुटायला तिसरं वर्ष उजाडलं. व्याजापायी भिशी बंद पडली. थोरली मुलगी बारावीनंतर कॉलेजात न जाता मशिनवर बसली. हे सगळं तुमच्या दहा दिवसांत बसवून दाखवा.

भाऊजी : बसत नाही. पण वहिनी, एका बाईच्या हकिगतीवर धोरण ठरत नाही. अशा किती बाया, कुठल्या विभागात, किती कर्जात, हे कळल्याशिवाय महापालिकेचा एकही अधिकारी जागचा हलणार नाही. ती बाई रकान्यात नाही म्हणूनच तिचं नुकसान शून्य ठरलं ना? मग माझ्या रकान्यावर रागावू नका, तो वाढवा.

वहिनी : वाढवाल हो, पण शेवटी त्याची सरासरी काढाल. त्याच दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७४ च्या आसपास. एकच शहर, एकच दिवस. सरासरी पाचशेच्या वर येते. त्या आकड्याचा पाऊस ना कुलाब्यानं पाहिला ना सांताक्रूझनं.

भाऊजी : हे मान्य. पण सरासरी वाईट म्हणून लांबचा हिशेबही टाकून देऊ नका. डेव्हिस आणि वाइनस्टीन या दोन अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये जपानी शहरांचा अभ्यास छापला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीनं बेचिराख झालेली बहुतेक शहरं वीसएक वर्षांत लोकसंख्येच्या जुन्या वाटेवर परत आली. हिरोशिमासुद्धा आलं, थोडं उशिरा. मोठ्या शहराला खेचून धरणाऱ्या गोष्टी इमारतींपेक्षा चिवट असतात. बंदर, बाजारपेठ, ओळखीपाळखी, हाताला आलेलं कसब.

वहिनी : लोकसंख्या परत आली. माणसं तीच का?

भाऊजी : ते त्या अभ्यासातून कळत नाही. आणि तुमच्या बाजूचा एक जपानी दाखला मीच देतो. १७ जानेवारी १९९५ ला कोबेत भूकंप झाला. तोवर कोबे जगातल्या पहिल्या सहा कंटेनर बंदरांत होतं. बंदराचे धक्के दोनएक वर्षांत दुरुस्त झाले. लोकसंख्या भरून यायला दहा वर्षं लागली. पण मधल्या काळात जहाजं बुसानसारख्या बंदरांकडे वळली होती, ती परत आलीच नाहीत. बांधकाम मोजलं तर कोबे सावरलं. बंदराचा क्रमांक मोजला तर नाही सावरलं.

वहिनी : म्हणजे काय मोजायचं हे ठरवलं की निकाल आधीच ठरतो.

भाऊजी : म्हणून एकाच गोष्टीवर भिस्त ठेवायची नसते. धक्का सोसण्याच्या ताकदीचा एक अंदाज शहरातल्या धंद्यांच्या वैविध्यावरून बांधतात. प्रत्येक क्षेत्राचा शहराच्या उत्पन्नातला वाटा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज. सगळं शहर एकाच धंद्यावर असेल तर उत्तर १. दहा धंदे समसमान असतील तर ०.१. आकडा जितका लहान, तितकं शहर एका फटक्यात आडवं होण्याची भीती कमी. मुंबईनं हा धडा फार लवकर घेतलाय. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसासाठी मुंबईकडे वळल्या. शहरात पैशाचा पूर आला. समुद्र हटवणाऱ्या कंपन्यांचे शेअर वाटेल त्या भावानं गेले. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंदांसारखा कापसाचा राजा बुडाला. बँक ऑफ बॉम्बे पुढच्या दोनतीन वर्षांत बुडाली. १८६४ च्या गणनेत शहरात ८,१६,५६२ माणसं होती, १८७२ च्या गणनेत ६,४४,४०५. एका पिकावर नाचणाऱ्या शहरानं आठ वर्षांत पाचातला एक माणूस घालवला.

वहिनी : आणि मग गिरण्या वाढल्या.

भाऊजी : वाढल्या आणि शंभर वर्षं टिकल्या. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. आता बघा, इतका मोठा उद्योग बसला तरी मुंबई डेट्रॉइट झाली नाही. मोटारींवर जगणारं डेट्रॉइट १९५० ला साडेअठरा लाखांचं होतं. २०१० ला ते सातएक लाखांवर आलं आणि २०१३ ला पालिकेनं दिवाळखोरी जाहीर केली. मुंबईत तोवर बँका, वित्तसंस्था, सिनेमा, औषधं, हिऱ्यांचा व्यापार उभा होता. शहरानं कूस बदलली. मार्टिनच्या तिसऱ्या प्रश्नाला मुंबई पैकीच्या पैकी गुण घेते.

वहिनी : शहरानं कूस बदलली आणि कामगार अंगाखाली सापडला. लालबाग-परळची किती घरं त्या संपात गावी गेली, किती बायकांनी खानावळी घातल्या, किती पोरं वाया गेली, त्याचा तक्ता दाखवा. गिरणी होती तिथे मॉल झाला आणि साचे चालवणाऱ्याचा पोरगा त्याच्या दाराशी शिपाई म्हणून उभा राहिला. हक्काच्या घरासाठी गिरणी कामगार आणि वारसांचे पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. मिळालेली घरं अजून हजारांत मोजतात. तुमच्या पैकीच्या पैकी गुणांत हे नापास झालेले कुठे गेले?

भाऊजी : ते दुसऱ्या तक्त्यात यायला हवेत, आणि तो तक्ता कुणी केला नाही. हे कबूल.

वहिनी : आणखी एक कबूल करा. तुमचं ते वैविध्य कागदावरचं आहे. बँका वेगळ्या, सिनेमा वेगळा, धुणीभांडी वेगळी. पण सगळे येतात कशानं? लोकलनं. २२ मार्च २०२० ला कोरोनामुळे लोकल सामान्य माणसाला बंद झाली, ती ठरावीक वेळांपुरती उघडायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडला. लॅपटॉपवाल्यानं घरून काम केलं. डबेवाल्यानं काय करायचं? डबा नेणारी गाडी बंद, डबा खाणारं ऑफिस बंद. मावळ-खेडचे कित्येक जण सायकल चाळीत उभी करून शेतावर गेले. धंदे दहा असतील, लाइन एकच आहे.

भाऊजी : हा मुद्दा बिनतोड आहे. वैविध्याच्या सूत्रात दहा धंदे एकमेकांपासून सुटे आहेत असं धरलेलं असतं. मुंबईत ते एका रुळावर, एका विजेच्या जाळ्यावर आणि एका नदीच्या काठावर आहेत. १२ ऑक्टोबर २०२० आठवतो? सकाळी दहाच्या सुमाराला कळवा-पडघा पट्ट्यातल्या वाहिन्यांचा घोळ झाला आणि शहराची वीज गेली. राज्याचं जाळं कोसळलं तरी मुंबई वेगळी काढून चालू ठेवायची व्यवस्था इथे १९८० च्या दशकापासून आहे. देशात तिचं कौतुक व्हायचं. त्या दिवशी ती टिकली नाही. गाड्या थांबल्या, रुग्णालयं जनित्रावर गेली. कुठल्याही निर्देशांकात आदल्या दिवसापर्यंत मुंबईला विजेसाठी उत्तम गुण मिळाले असते.

वहिनी : मग असे निर्देशांक काढतं तरी कोण?

भाऊजी : बरेच जण. रॉकफेलर फाउंडेशननं २०१३ मध्ये शंभर शहरांचा कार्यक्रम काढला होता. भारतातून सुरत, चेन्नई, पुणे, जयपूर त्यात होती. त्यांच्याच पैशातून अरुप या कंपनीनं शहरांसाठी निर्देशांक बांधला. चार अंगं, बारा उद्दिष्टं, बावन्न निकष. शंभर शहरांचा तो कार्यक्रम २०१९ ला गुंडाळला.

वहिनी : दुसऱ्यांना तग धरायला शिकवणारा कार्यक्रम स्वतः सहा वर्षं टिकला म्हणायचा.

भाऊजी : हसा. पण त्या बावन्न निकषांत घरबांधणी, उपजीविका, विमा, पालिकेचा पैसा असं सगळं होतं. अडचण वेगळीच आहे. निकष छापील मिळतात, ते भरायला आकडे मिळत नाहीत. मुंबई शहराचं स्वतःचं ठोक उत्पन्न आपल्याकडे मोजलंच जात नाही. मोजतात जिल्ह्याचं. त्यातही बऱ्याच क्षेत्रांत राज्याचा आकडा आधी काढतात आणि काही निकषांवर जिल्ह्यांत वाटून देतात. अशा वाटपाच्या आकड्यात कुर्ला बुडालेलं दिसणार नाही. वरून आलेल्या आकड्यात खालचा धक्का उमटत नाही.

वहिनी : हे तर आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालापेक्षा वाईट झालं.

भाऊजी : पुढे ऐका. कंपनीचं मुख्यालय नरिमन पॉइंटला आणि कारखाना परराज्यात. कर मुंबईत भरला म्हणून उत्पन्न मुंबईचं दिसतं. उलट बदलापूर-विरारहून रोज येणारा माणूस कमावतो मुंबईत आणि मोजला जातो ठाण्यात नाहीतर पालघरमध्ये. जनगणना २०११ ची. श्रमबल सर्वेक्षण २०२५ पासून जिल्हा हा मूळ घटक धरून होऊ लागलं, ही चांगली सुधारणा. पण मुंबई उपनगर हा एकच जिल्हा २०११ ला ९३ लाखांचा होता. पाली हिल आणि गोवंडी एकाच रकान्यात.

वहिनी : मग पालिकेच्या तिजोरीकडे तरी बघा. तिथे सगळा हिशेब असतो ना?

भाऊजी : तिजोरी तगडी आहे. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. बँकांतल्या ठेवी तेव्हा ८० हजार कोटींच्या घरात होत्या. जगातल्या किती महापालिकांकडे अशी पुंजी असेल? १९७५ ला न्यू यॉर्क कर्ज फेडता येईना म्हणून दिवाळखोरीच्या दारात गेलं होतं. त्या मापानं मुंबई भक्कम आहे.

वहिनी : ठेव बँकेत आणि नाला उघडा. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा अहवाल १९९३ चा. ताशी ५० मिलिमीटर पाऊस वाहून जाईल अशा वाहिन्या करा, असं त्यात म्हटलं होतं. बारा वर्षांनी शहर बुडालं तेव्हा बरंचसं काम बाकी होतं. शिल्लक पैसा ही ताकद आहे की न केलेल्या कामाची पावती, हे तुमचा ताळेबंद सांगतो का?

भाऊजी : नाही सांगत. आणि तिजोरीचा दुसरा कच्चा दुवा मी दाखवतो. १ जुलै २०१७ ला जकात गेली. तोवर ती पालिकेच्या उत्पन्नाचा सगळ्यात मोठा झरा होती. दहिसर, मुलुंड, मानखुर्दच्या नाक्यांवर रोज पैसा जमा व्हायचा. आता त्याऐवजी राज्याकडून भरपाई येते. नाक्यावरच्या रांगा आणि लाचलुचपत गेली ते बरंच झालं. पण माझ्यासारख्याचा तोटा असा की शहराच्या व्यापाराची रोजची नाडी त्या नाक्यांवर कळायची. कुठला माल किती आला, कधी रोडावला, कधी पूर्ववत झाला. भरपाई ठरल्याप्रमाणे येते. शहर आजारी असलं तरी तेवढीच.

वहिनी : बघा, तुम्हालाही नाकेच आवडतात. माझी वही हा तसलाच नाका आहे. संकटानंतर पहिल्या महिन्यात सोनेतारण वाढतं. तिसऱ्या महिन्यात भिशा मोडतात. सहाव्या महिन्यात कुणी हप्ता चुकवत नाही, कारण हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज काढलेलं असतं. कागदावर वसुली शंभर टक्के. वर्षभरानं काही सभासद पत्ता न ठेवता गावी गेलेल्या असतात. त्या गेल्या की आमची थकबाकी कमी दिसते आणि संस्था सुदृढ ठरते.

भाऊजी : हे सगळं मोजण्यासारखं आहे! बँका आणि सोनेतारण कंपन्यांकडे शाखावार नोंदी असतात: किती दागिने गहाण आले, किती सुटले, किती लिलावात गेले. वीज कंपन्यांकडे छोट्या व्यापारी जोडण्यांचे महिन्याचे युनिट असतात. रेल्वेकडे स्थानकवार पासविक्री. पालिकेच्या शाळांत पट असतो. कुठल्या वर्गातून किती मुलं मध्येच गेली ते कळतं. नावं गाळून, विभागवार बेरजा करून हे महिन्याच्या महिन्याला मांडता येईल. कुर्ल्याचा एल विभाग आणि वांद्रे पश्चिमेचा एच पश्चिम शेजारी ठेवा, तुमची बाई दिसायला लागेल.

वहिनी : आणि मग तुम्ही त्याचा एक आकडा कराल. मुंबई : शंभरात बासष्ट. पुढच्या वर्षी पासष्ट. आयुक्तांचा सत्कार.

भाऊजी : एक आकडा नसेल तर मंत्रालयात कुणी वाचत नाही. चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

वहिनी : एक आकडा असेल तर लोक तोच फुगवतात. हा माझा अनुभव. आमच्या क्षेत्रात वसुलीच्या टक्क्यावर बक्षीस लागलं की जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज देतात. टक्का वाढतो, बाई बुडते.

भाऊजी : मग दोन आकडे ठेवू. एक सावरायला लागलेल्या दिवसांचा, दुसरा त्यापायी चढलेल्या कर्जाचा. दोन्ही विभागवार, आणि त्यांची बेरीज करायची नाही, असा नियमच करायचा.

वहिनी : आणि तिसरा, निघून गेलेल्यांचा. गेलेला माणूस सगळ्या आकड्यांतून जातो. तो गेल्यामुळे उरलेल्यांची सरासरी सुधारते, ही लबाडी आधी बंद करा. २०२० ला श्रमिक गाड्यांनी गेलेल्यांतले किती परतले, हे कुठल्या निर्देशांकात आहे?

भाऊजी : ठीक, तीन. पण एक माझंही ऐका. तुमच्या वहीवर मोजमाप सोडलं तर प्रत्येक मोहल्ल्याची वेगळी कहाणी होईल, आणि कहाण्यांवर पैसा मंजूर होत नाही. वही सगळ्यांची एकाच नमुन्यात हवी.

वहिनी : नमुना तुम्ही करा. रकाने आम्हाला विचारून पाडा.

वाद इथे मिटला असे नाही. भाऊजींना अजूनही एक निर्देशांक हवा आहे, आणि वहिनींना त्याचा भरवसा नाही. पण दोघांच्या बोलण्यातून एक निकाल निघतो. शहर किती लवकर सुरू झाले हा प्रश्न अपुरा आहे. ते सुरू करण्याचा खर्च कुणी सोसला आणि पुढच्या धक्क्यासाठी त्याच्याजवळ काय शिल्लक उरले, हे सोबत सांगितल्याशिवाय कुठल्याही महानगराला मजबूत म्हणू नये. बचत मोडून, दागिने गहाण टाकून आणि मुलीचे शिक्षण थांबवून सावरलेले शहर पुढच्या वेळी त्याच दागिन्यांवर पुन्हा सावरू शकत नाही.

हे मोजायला नवी संस्था लागत नाही. मुंबई महापालिका दरवर्षी अर्थसंकल्प मांडते, पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल काढते. त्यांच्या जोडीला प्रत्येक विभागाचे एक पानी पत्रक काढावे: मागच्या संकटानंतर छोटे धंदे किती दिवसांत सुरू झाले, घरांवरचे कर्ज किती वाढले, किती कुटुंबे विभाग सोडून गेली. तुमच्या नगरसेवकाकडे या तीन आकड्यांची मागणी करा. रस्ता आणि नाल्याइतकीच ती रास्त आहे.